कॅमेऱ्याबाहेरचा आवाज

"ओळखपत्र सरळ धरा. आता पूर्ण नाव सांगा."

"चारुशीला भोगटे," पडद्यावरची बाई म्हणाली. चेहरा फोटोशी जुळला, तसा नलावडे मॅडमनी तिला पेपर सुरू करू दिला. विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षेला तोतये बसू लागल्यापासून त्या डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायच्या.

थोड्याच वेळात बाईचे ओठ हलले. मग पुन्हा हलले. पडद्यावर एकाच वेळी दिसणाऱ्या इतक्या परीक्षार्थींच्या गर्दीत आवाज नीट ऐकू येत नव्हता, पण आडून कुणीतरी उत्तरं सांगतंय, याची मॅडमना खात्रीच पटली. "आता एक शब्द जरी बोललात, तर पेपर बंद करीन!"

"मॅडम, माझी आई..."

"कारणं नकोत."

बाई गप्प झाली. पण शेवटी ती मान वळवून काहीतरी पुटपुटलीच. मॅडमनी पेपर बंद केला. बरी सापडली, असंही त्यांना वाटलं.

अहवाल लिहिण्याआधी त्यांनी आवाज वाढवून रेकॉर्डिंग ऐकलं. एक म्हातारा, थरथरता आवाज विचारत होता, "तू कोण गं?"

"मी चारू, आई. तुझी मुलगी."

पुन्हा तोच प्रश्न आणि तितक्याच मायेने तेच उत्तर. मग मॅडमचं स्वतःचं दरडावणं ऐकू आलं. त्यानंतर म्हातारी विचारतच राहिली. उत्तर येईना, तशी लहान मुलासारखी रडू लागली.

"मी आहे, आई."

नेमक्या याच शब्दांवर मॅडमनी पेपर बंद केला होता. आणि बंद केलेला पेपर त्यांनाही उघडता येत नव्हता.