पायऱ्यांवरचा बर्फ

"घरभेट मिळालेल्यांची खुब्याची हाडंसुद्धा कमी मोडलीत," इल्वा म्हणाली.

दालचिनीचा पाव मोडता मोडता टोर्केल थांबला. तो जिल्ह्याच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष. टाईप केलेला ठराव त्याच्यासमोर होता. हृदयविकाराच्या रुग्णांना इस्पितळातून घरी सोडल्यावर घरभेटी देणाऱ्या नऊ नर्स नेमायच्या, आणि त्या बदल्यात स्टेनशो गावातला बारा खाटांचा वॉर्ड बंद करायचा. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"मग चांगलंच आहे की," तो म्हणाला.

"विचित्र आहे. घरभेटीत वजन बघतात, रक्तदाब बघतात, गोळ्या बघतात. त्यानं हृदय सांभाळलं जाईल. घसरून पडणं कसं थांबेल?"

इल्वा विद्यापीठातली अर्थतज्ज्ञ. चार वर्षांच्या नोंदी तिनं चाळल्या होत्या. भेट मिळालेल्या प्रत्येक रुग्णासाठी भेट न मिळालेला तसाच एक शोधला होता. तेच वय, तोच आजार, तीच औषधं. भेट मिळालेले जास्त जगले होते आणि त्यांच्यावर खर्चही कमी झाला होता. आकडे इतके चांगले होते की तिनं ते तीनदा तपासले.

टेबलाच्या टोकाला गुनवोर बसली होती. वय एकसष्ट. ही चारही वर्षं घरभेटी देणारी नर्स ती एकटीच. नव्या योजनेला तिचं नाव द्यायचं, असं टोर्केलनं बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

"दर आठवड्याला तुम्हाला इस्पितळाकडून किती नावं यायची?" इल्वानं तिला विचारलं.

"तीसेक."

"आणि भेटी किती व्हायच्या?"

"बारा. रस्ता बरा असला तर तेरा."

"ते बारा कसे निवडायचात?"

"जो जास्त आजारी त्याच्याकडे आधी, दुसरं काय," टोर्केल म्हणाला.

"नाही," गुनवोर म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "पायऱ्या बघून. गाडी घेऊन सगळ्यांच्या दारावरून जायचे. पायऱ्यांवरचा बर्फ काढलेला दिसला की थांबायचे. म्हणजे घरात कोणीतरी आहे. बायको, मुलगी, निदान शेजारी तरी. त्यांना एकदा सांगितलं की गोळ्या वेळेवर दिल्या जातात. बर्फ तसाच असला की गाडी वळवायचे. एकट्या माणसाला सांगण्यात तासभर जातो, आणि आठवड्यानं बघावं तर गोळ्या डबीत तशाच."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात गवत बघायचे."

इल्वानं समोरच्या कागदावर हात ठेवला. "म्हणजे ज्याच्याकडे बर्फ काढायला माणूस आहे, तो घसरतही नाही. हे तुम्ही कुठे नोंदवलंत?"

"कुठेच नाही. तशी जागाच नव्हती फॉर्मवर."

टोर्केलनं चष्मा काढला. "गुनवोर, अगं, स्वतःच्याच कामावर पाणी फिरवतेयस तू. चार वर्षं गप्प का बसलीस?"

"शाबासकी मिळत होती. बरं वाटत होतं."



"आणि ज्यांच्याकडे थांबली नाहीस, ते?" टोर्केलनं विचारलं.

"त्यातले बरेचसे धाप लागली की स्टेनशोच्या वॉर्डात येतात. तिथं निदान कोणी गोळी हातात देतं."

टोर्केलनं ठराव फाईलमध्ये घातला. पुढच्या बैठकीत बघू, म्हणाला. जाताना त्यानं गुनवोरकडे बघितलं नाही.

खोलीत दोघीच उरल्या. इल्वानं कागद गोळा केले, मग पुन्हा टेबलावर ठेवले.

"मला हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल. कोणाच्या घरात कोण होतं, ते कळलं तरच तुलना खरी. तुम्ही ज्यांना सोडून पुढं गेलात, त्यातले काहीजण आठवतात का?"

"किती हवेत?"

या उत्तराची इल्वाला अपेक्षा नव्हती.

"ज्यांच्याकडे गेले, त्यांची नावं मला वही बघून सांगावी लागतील," गुनवोर म्हणाली. "यांची नाही." तिनं खुर्ची जवळ ओढली. "लिही. हेल्गे नूरेन. फेब्रुवारीतली गोष्ट. मी गाडी वळवत होते, तेव्हा तो खिडकीत उभा होता. त्यानं हात हलवला."

इल्वानं नाव लिहिलं आणि वर पाहिलं.

"मग?"

"मग मीही हलवला."