पाडव्याचा तांब्या

तांब्या आज थेट डोंगरावरच्या झिऱ्याजवळ ठेवला होता. विहिरी आटल्यापासून वस्तीला तेवढंच पाणी उरलं होतं. धुरपदाबाई उंबऱ्याला टेकून, पोटावर मूठ दाबून वर बघत होती. काठी टेकत, थांबत, पुन्हा काठी टेकत तिचा नवरा बब्रुवान चढ चढत होता. माणूस महाहट्टी, पण तहानेपुढं त्याचा हट्ट चालत नाही, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

पाझर तलावाच्या कामावर पायावर दगड आला, तेव्हापासून तो बाजेवर होता. हाड जुळलं तरी गडी उठेना. धीरच सुटला होता त्याचा. त्र्याहत्तर सालचा पाडवा आला. साखरेची गाठी कुठली मिळायला, पण धुरपदाबाईनं लिंबाची डहाळी आणि तांब्या लावून गुढी उभारली. संध्याकाळी ती उतरवल्यावर तोच तांब्या नवऱ्यापुढं धरून म्हणाली, "नव्या सालात येकच करायचं. पुनवंच्या आत झिऱ्यापतूर चालत जायाचं."

"आन न्हाय गेलो तर?"

"तर ऱ्हावा तान्हेले."

दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटणीचं पाणी तिनं बांधावर नेऊन ठेवलं. बब्रुवाननं शिव्या दिल्या, तिच्या माहेरचाही उद्धार केला, आणि घसा पार कोरडा पडल्यावर उठला. मग तांब्या रोज पुढं सरकू लागला. चिंचेखाली गेला, तिथून पायवाटेच्या तोंडाशी. चढ सुरू झाल्यावर बब्रुवान मध्येच बसकण मारायचा. मग ही खालून ओरडायची, "वानरं पितील तुमचं पानी." पुढं पुढं त्याला त्याचं हसू यायला लागलं. त्याला वाटत होतं, हे सगळं येडाईच्या नवसासाठी चाललंय. पुनवेला दोघांनी मिळून देवीच्या दर्शनाला जायचं.

बार्शीच्या डॉक्टरनं धुरपदाबाईला काय सांगितलं, ते फक्त शेजारच्या सिताबाईला ठाऊक होतं. पोटातली गाठ पसरली होती. आता तिला चढ चढवत नव्हता, म्हणून हल्ली सिताबाईच पाण्याला जाताना तांब्या नेऊन ठेवायची.

"आमी हाव की," सिताबाई म्हणाली होती. "घालू त्यास्नी पानी."

"किती दिस घालशील, बाई? तुज्याच घरात पुरंना."

आज तांब्या रिकामाच ठेव, असं धुरपदाबाईनं सिताबाईला सांगितलं होतं.

दिवस कलल्यावर बब्रुवान खाली आला. सदरा भिजलेला, ढोपर खरचटलेलं, हातात तांब्या.

"रिकामा ठिवलास," तो म्हणाला, पण रागानं नाही. "बायांची करवंटी व्हती तितं. खरवडून खरवडून भरला. निम्मा वाटंत सांडला." उरलेलं पाणी त्यानं तिच्यापुढं धरलं. "पी. आज माज्या हातचं."

तिनं दोन घोट घेतले. नवऱ्यानं आणलेलं पाणी ती जन्मात पहिल्यांदा पीत होती, आणि तिला भरून आलं. ते त्याला दिसू नये म्हणून ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि रिकामी घागर घेऊन आली.

"उद्यापासनं ही."

"घागर?" तो हसला. "बाप्यानं डोक्यावर घागर घेतली तर वस्ती हसंल."

"हसू द्या."

"आन तू मंग काय करशील? बसून खाशील?"

धुरपदाबाईनं घागर खाली ठेवली आणि पोटावर मूठ दाबली. बब्रुवानचं हसू हळूहळू उतरलं. त्याची नजर तिच्या पोटावरच्या मुठीकडं गेली आणि तिथंच राहिली.

"धुरपदे, डाक्टर काय म्हनला व्हता?"

तिनं घागरीतून चुंबळ काढली. तिच्याच जुन्या लुगड्याची, वर्षानुवर्षं घागरीखाली दबून तिच्या डोक्याच्या मापाची झालेली.

"टोपी काढा," ती म्हणाली.

त्यानं टोपी काढली. तिनं चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, थोडी सैल केली, आणि नीट बसली का ते दोन्ही हातांनी दाबून बघत राहिली.