आठ सेकंद

टक्. नाझारेनाने मीटरचा पडलेला खटका वर ढकलला आणि गप्प झालेलं घर पुन्हा बोलू लागलं. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की वीज जायचीच. चूक तिचीच होती. फ्रिज घरघरला, आणि तळघरातून ऑर्गनचा तोच अर्धवट तुटलेला सूर वर आला. लगेच.

तिचा हात खटक्यावरच राहिला.

बाबांचा ऑर्गन लगेच वाजत नसे. एक बटण आठ सेकंद दाबून धरायचं, आतली चाकं गरगरू लागली की दुसरं. मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. लहानपणी आठ मोजायचं काम तिचं असे. बाबा म्हणायचे, "घाई नको गं, म्हातारा अंथरुणातून उठतोय."

आठवडाभर दानिलो तळघराचं दार लावून घेत होता. मोजमापं चाललीत, म्हणायचा. नवऱ्याचा धंदाच तो: सत्तरच्या दशकातल्या रॉक बँडचे ऑर्गन आणि सिंथेसायझर जसेच्या तसे संगणकात उतरवायचे. या गावात कुणी अकॉर्डियनचे भाते चिकटवतं, कुणी हे करतं. पण ती खाली निघाली की हा हल्ली अर्ध्या जिन्यातच भेटायचा. हसत. आपणहून भांडी घासायला यायचा.

विकला की काय याने?

पाच वर्षांच्या मिरताला कडेवर घेऊन ती खाली उतरली. दानिलो एका चपट्या काळ्या कीबोर्डपुढे बसला होता, शेजारी लॅपटॉप. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी मोठं. तिने चादर ओढली. ऑर्गन होता. बाबांच्या सिगारेटने जळलेल्या कडेसकट.

तरी तिला हायसं वाटेना. "लाव."

"आत्ता? उद्या दाखवतो ना—"

"लाव, दानिलो."

त्याने पहिलं बटण दाबून धरलं. तिने मनात आठ मोजले, त्याने दुसरं दाबलं; ती आणखी थोडी थांबली आणि पट्ट्यांवर हात ठेवला. सूर निघाला: स्वच्छ, टोकदार, नव्या चमच्यासारखा.

"काय केलंस तू याला?"

"आतले कंडेन्सर बदलले," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पन्नास वर्षांचे, पार सुकलेले. म्हटलं, नवाकोरा असताना कसा वाजत असेल ते एकदा ऐकावं. जुना आवाज आधीच उतरवून ठेवला होता, म्हणून..."

"मग जुने लाव परत."

"काढतानाच तुटले गं."

"शाब्बास! नक्कल करता करता अस्सलच पुसून टाकलास."

तिने हात लांब करून काळ्या कीबोर्डवर तीच बोटं ठेवली. त्या सुरात बाबा आले. तीच जराशी घोगरी खर्जातली गुरगुर, प्रत्येक पट्टीआधीचा तोच बारीक टक् आवाज.

"रविवारी ऐंशीचे होतायत ते," ती म्हणाली. "वृद्धाश्रमात महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलेत, घरी जाऊन माझा ऑर्गन वाजवणार म्हणून. हात थरथरतात, कान नाही. पहिल्याच सुराला कळेल त्यांना."

"नाही कळणार." दानिलोने आता मान वर केली. "ऑर्गनच्या पट्ट्या मी लॅपटॉपला जोडतो. बोटं याच्यावर, आवाज त्याचा. आठवडाभर वर हाच ऐकलास, कळलं का तुला?"

तिला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. वर वॉशिंग मशीन धडधडत होतं. तिने चादर उचलली, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"स्पीकर कुठे लपवशील?" तिने विचारलं.

"मागे. ऑर्गनच्याच खोक्यात."

"वायर दिसता कामा नये. ते वाकून बघतात."

मिरता इतका वेळ दोघांची तोंडं आळीपाळीने बघत होती. तिने आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, आजोबांनी मला विचारलं तर मी काय सांगू?"