गप्पी माशांचा गुण

भिवंडीत हौसाआजीच्या लेकाचे बाराही लूम थंड पडले होते, कारण कारागीर एकजात मलेरियानं फणफणले होते. खटखट थांबली तशी आजीला दुपारची डुलकीही लागेना.

अशात आरोग्य खात्याचा माणूस आला आणि कारखान्यामागच्या उघड्या टाकीत पिशवीभर गप्पी मासे सोडून गेला. "आजी, मलेरियावर जालीम इलाज आहे हा," एवढंच घाईत म्हणाला.

आठवड्यानं येऊन बघतो, तर टाकीत डासांच्या अळ्या खुशाल वळवळतायत आणि मासा एकही नाही.

"आजी, मासे कुठं गेले?"



"कालवण करून घातलं कारागिरांना," आजी करवादली. "गुण काय आला न्हाय. एवढूशा माशांत कसली ताकद, बाला? आता पापलेट आन!"