बाजूचं दार

“बूट काढा, साहेब.”

मुख्य अभियंता जागचे हलले नाहीत. त्यांची बॅग पट्ट्यावरून पुढे गेली होती. घड्याळ, पट्टा आणि पाकीट ट्रेमध्ये पडलं होतं. बूट मात्र पायातच होते.

“माझं ओळखपत्र पाहिलंत ना?”

“पाहिलं,” तपासणीवरची बाई म्हणाली. “त्यात बुटांचं काही लिहिलेलं नाही.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

“काढा हो,” मागून बायको पुटपुटली. “आधीच तुमचाच नवा पूल बंद म्हणून गावाला वळसा घालून आलोय. आता विमानही चुकवताय का? लेक वाट बघत असेल.”

साहेब वाकले. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडताना त्यांची नजर सहज डावीकडे गेली आणि तिथेच खिळली.

बाजूच्या दाराने जावई चालला होता.

त्यांच्या खात्यात त्याला सगळे जावईच म्हणत, कारण मंत्र्यांच्या घरी त्याचे लाड तसेच व्हायचे. साहेबांच्या हाताखाली शिकला आणि पाहता पाहता त्यांच्या बरोबरीच्या खुर्चीत येऊन बसला. आज त्याच्या दोन्ही बाजूंना साध्या कपड्यातली दोन माणसं होती. बॅग तिसऱ्याने उचलली होती. त्याने कोट घडी करून दोन्ही हातांवर टाकला होता. पायात बूट. ट्रे नाही, रांग नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाने स्वतः दार उघडून धरलं.

“काय रे जावई!” साहेबांनी हाक मारली.

त्याने क्षणभर पाहिलं, मान खाली घातली आणि दाराआड गेला.

“बघितलंस? ओळखही दाखवली नाही.”

“कशाला दाखवील?” बायको म्हणाली. “त्याला सोडायला माणसं आली आहेत. तुम्हाला सामानाची गाडीसुद्धा मिळाली नाही. राजधानीत पुलासाठी सत्कार असेल त्याचा. त्याच्या बायकोने आत्तापासून साडी काढून ठेवली असेल.”

पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशीही असंच झालं होतं. जावई मंत्र्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा, आणि छायाचित्रात साहेबांचा फक्त कान आलेला. त्या कानावरून बायको अजून चिडवायची.

“त्याला कसं सोडलंत?” ते तपासणीवरच्या बाईवर ओरडले. “माझ्या पायातले बूट काढता आणि तो ऐटीत जातो?”

“त्यांच्याबद्दल वरून आदेश आहे.”

“मग माझ्याबद्दल का नाही?”

आवाज चढला तसा बाजूच्या दारातून साध्या कपड्यातला एक माणूस परत आला. बोलायला मृदू, चेहऱ्याने एखाद्या शिक्षकासारखा.

“काही अडचण आहे का, साहेब? तुम्ही ओळखता त्यांना?”

“ओळखतो? मी घडवलाय त्याला! पूल पूल म्हणून ज्याला मिरवताय ना, त्या पुलात त्याचं काय आहे?”

“सगळं त्यांनीच केलं, असं आम्ही ऐकून आहोत.”

हे मात्र साहेबांना सोसवलं नाही. एका पायात बूट, एका पायात मोजा, तसेच ते दोन पावलं पुढे आले.

“त्याने? तो नकाशा उलटा धरायचा! कंत्राटदार कोणी आणला? मी. सिमेंट कुठून घ्यायचं, किती घालायचं, कोणी ठरवलं? मी. त्याला विचारायची पद्धतच नव्हती. मी सांगायचो, तो मान हलवायचा.”

“म्हणजे त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं?”

“अक्षरही नाही.”

“मोठं विधान आहे, साहेब.”

“कोणासमोरही करीन!”

“खरंच सांगतायत हे,” बायकोही पुढे झाली. नवऱ्याची बाजू घ्यायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची, पण तिच्या डोळ्यांसमोर जावयाची बायको साडी नेसून उभी दिसत होती. “तो कंत्राटदार आमच्या घरचाच झाला होता. लेकीचा फ्लॅटसुद्धा त्यानेच सजवून दिला. या आत गेलेल्या जावयाच्या दारात तो कधी गेलाही नाही.”

त्या माणसाने दोघांकडे आदराने पाहिलं. मग तपासणीवरच्या बाईला म्हणाला, “यांची रांग राहू द्या. हे आमच्याबरोबर येतील. यांच्या बाईसाहेबही.”

साहेबांनी सावकाश बूट चढवला. नाडी बांधायला मुद्दाम वेळ घेतला. रांगेत मघाशी हसलेल्या माणसाकडे एकदा नीट पाहून घेतलं. शिपायाने दार उघडून धरलं. बायकोने पदर सावरला आणि ती त्यांच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढेच आत शिरली.

आत छोटी खोली होती. खुर्चीत बसलेल्या जावयाने त्यांना पाहिलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

“पटलं ना आता?” तो त्या मृदू माणसाला म्हणाला. “सकाळपासून हेच सांगतोय मी. काढा आता या बेड्या.”