काकणांची हाक

काकणं एकदा वाजली. म्हणजे चहा. गुरुदास तांडेल पडवीत बसून होता. आवाज पुरता विरेपर्यंत त्याने कपबशीला हात लावला नाही.

सासऱ्याशी सुनेने तोंडाने बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. सहा वर्षांत तुळसाने त्याला एक शब्द उद्देशून म्हटला नव्हता. काकणं एकदा वाजली तर चहा, दोनदा वाजली तर जेवण. गलबतावरच्या नवऱ्याचं, लवूचं पत्र आलं की दिवसभर किणकिणाट. मोतीबिंदूने म्हाताऱ्याचे डोळे गेले, तरी सून कुठे आहे, खुशीत आहे की रुसली आहे, हे काकणं त्याला सांगत.

पंधरा दिवसांपूर्वी बंदरावर बाळा खलाशाने त्याला बाजूला घेतलं. लवूचं गलबत विजयदुर्गापुढे बुडालं होतं. बाकीचे वाचले, लवू गेला. एकुलता एक पोर. म्हातारा वाळूत बसून ओक्साबोक्शी रडला. मग त्याने बाळाला शपथ घातली.

"तुळसाक सांगू नको. बायलमाणसां येतली, तिची काकणां फोडतली. मगे माझ्या घरात रवतला काय?"

एरवी वाडीच्या पोटात काही राहत नसे. या वेळी तीही गप्प बसली.

पोटच्या पोराच्या मरणाचं स्नान मात्र चुकवता येईना. गुरुदासने तिथेच समुद्रात अंग बुडवलं, तिन्हीसांजेला ओलेत्याने घरी आला आणि धोतर दांडीवर वाळत टाकलं. तुळसा अंगणातच होती. बराच वेळ काही वाजलं नाही. मग काकणं दोनदा वाजली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून ती हाकेपुरतीच वाजत. वाटण वाटताना, केर काढताना घर मुकं असे. पत्र नाही म्हणून पोर हिरमुसली असेल, असं तो मनाला समजावी.

चहा संपला. तुळसा विहिरीवर गेली होती. तिला तेवढाच हातभार म्हणून कपबशी घेऊन तो चाचपडत आत निघाला. स्वयंपाकघराच्या दाराशी तोल गेला, म्हणून त्याने चौकट धरली. खिळ्याला काहीतरी टांगलेलं होतं. हात लागताच ते किणकिणलं.

दोऱ्यात ओवलेली दोन काकणं.

त्याला ते ओलं धोतर आठवलं. अवेळी न्हाऊन आलेल्या बापाला पाहून कोणती सून ओळखणार नाही? तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पंधरा दिवस ती मोकळ्या मनगटांनी त्याला जपत होती.

तो पडवीत येऊन बसला. दुपारी दोनदा किणकिण झाली.

"तुळशे," तो म्हणाला, "आता माका तोंडान हाक मार गो."

तुळसा उंबऱ्याशी आली.

"मामांनू, जेवूक येवा."

सुनेने त्याला घातलेली ती पहिली हाक. त्या हाकेसरशी लवू खरोखर गेला.