समोरची बाल्कनी

पडदे शिवणारी ती आणि बस चालवणारा तिचा नवरा, दोघं अकरा वर्षं भाड्याच्या घरात राहत होते. घरांचे भाव कोसळले आणि समोरच्याच इमारतीतला रिकामा फ्लॅट निम्म्या किमतीत निघाला, तेव्हा ते भर दुपारी तो बघायला गेले. "ताई, असा भाव पुन्हा मिळणार नाही," एजंट म्हणाला. "अजून पडला तर?" नवरा कुरकुरला. "भाड्याचंच बरं. उगाच दगडाखाली हात कशाला?" "अकरा वर्षं दुसऱ्याच्याच घरातली जळमटं काढतेय मी," ती म्हणाली आणि पडद्यांचं माप घ्यायला टेप घेऊन खिडकीशी गेली. खिडकीतून रस्त्यापलीकडची त्यांच्या घराची बाल्कनी स्पष्ट दिसत होती. तिथे एक अनोळखी बाई दोरीवरचे त्यांचे कपडे काढत होती. त्या बाईने नवऱ्याचा खाकी शर्ट झटकला आणि बाहीवर बाही ठेवून घडी घातली, अगदी सवयीने. "अहो, इकडे या. आपल्या घरात कोण आहे?" नवरा आला आणि बघतच राहिला. घराची एकुलती एक किल्ली त्याच्या खिशात होती. तेवढ्यात बाईने इकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि शेजारणीला करावा तसा हात केला. मग आत जाऊन दार लावून घेतलं. नवऱ्याने खिशातली किल्ली चाचपून पाहिली. "नको हे घर," तो पुटपुटला. "आपण भाड्यानेच राहू." तिने टेप गुंडाळली. "कुठे?" तिने विचारलं.